शिशिरातला वसंत

पाठ्यपुस्तकातला वसंत चैत्र-वैशाखात येतो. धाराशिव जिल्ह्यातल्या झाडांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही. येडशीच्या रामलिंग घाटात पळस फाल्गुनातच, म्हणजे पंचांगाप्रमाणे शिशिरात, पेटलेला असतो. आंब्याचा मोहोर तर पौषापासूनच दिसू लागतो. मग वर्गातून प्रश्न येतो, "सर, झाडाला कळतं कसं?"

थंड प्रदेशात याचे उत्तर सोपे आहे. सफरचंदाच्या अनेक जातींच्या कळ्यांना सुमारे 7 अंश सेल्सियसखालच्या गारव्याचे हजारभर तास मिळावे लागतात. त्यानंतर ऊब आली की त्या उमलतात. आपल्याकडे एवढी थंडी पडतच नाही.

पळसाचे गणित पाण्याचे आहे. पावसाळा सरल्यावर जमीन सुकत जाते, पण पानांतून बाष्पोत्सर्जन चालूच राहते आणि डहाळ्यांत पाण्याची तूट पडते. पाने गळली की हा खर्च थांबतो. खोल मुळांनी ओढलेले पाणी डहाळ्यांत भरते आणि कळ्या फुगतात. म्हणूनच पावसाचा थेंबही न पडता निष्पर्ण झाड फुलते. काटेसावरीचेही असेच. या वेळापत्रकाचा फायदा पुढे दिसतो. पळसाच्या चपट्या शेंगा उन्हाळ्यात वाळतात, वाऱ्यावर उडतात आणि बी मृगाच्या पावसाआधी जमिनीवर हजर असते.

आंबा सदाहरित; त्याला पानगळीचा आधार नाही. त्याला खूण मिळते ती गार रात्रींची, आणि ती ओळखतात पाने! तापमान काही आठवडे 15 अंशांच्या आसपास उतरत राहिले की पानांत फुलोऱ्याचा संदेश तयार होतो आणि सालीतून शेंड्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. प्रयोगात फांदीची साल वर्तुळाकार काढून तिच्यावरची सगळी पानेही खुडली, तर थंडी असूनही तिला मोहोर येत नाही, पालवी फुटते.

शेतकऱ्याची चिंता इथेच आहे. हिवाळा उबदार गेला तर मोहोर उशिरा, तुकड्यातुकड्यांनी येतो किंवा त्याच्या जागी पालवी येते. फुटीचे वयही लागते. परतीचा पाऊस लांबून ऑक्टोबरात नवी फूट आली, तर ती जून होण्याआधीच थंडी सरते. ढगाळ हवा राहिली की तुडतुडे आणि भुरी आहेतच. पळसाला अशा हिवाळ्याची एवढी झळ बसत नसावी, असे आम्हांला वाटते.

हे शाळेतच पडताळून पाहता येईल. शाळेजवळचा एक पळस आणि एक आंबा निवडून त्यांवर खूण करावी. पहिले फूल कधी दिसले, ती तारीख दरवर्षी त्याच झाडांची नोंदवावी. शेजारी रोजचे किमान तापमान लिहावे. पळसाच्या ज्या फांदीवर पाने टिकून आहेत तिच्यावर फुले किती आणि शेजारच्या उघड्या फांदीवर किती, हे मुलांनाच मोजू द्यावे.