कोठडीतून चौकात

१९ मार्च १९२७ रोजी मिलानच्या तुरुंगातून इटालियन मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शीने मेहुणी तातियानाला पत्र लिहिलं. काळाच्या पलीकडे टिकेल असं काही लिहायचा मनसुबा त्यात होता. त्याच दिवशी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती; दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. तरी वर्चस्व माणसाच्या अंगात कसं मुरतं, हा पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न दोन्हीकडे उभा होता.

ग्राम्शीला १९२८ साली वीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. दक्षिण इटलीतल्या तुरी इथल्या कोठडीत त्याने फेब्रुवारी १९२९पासून वह्या भरायला घेतल्या. पाठीला लहानपणापासून कुबड. रात्री पहारेकऱ्यांच्या आदळआपटीने झोप मोडायची. पुढे दात पडत गेले, १९३१मध्ये थुंकीतून रक्त आलं. १९३७ साली, ४६व्या वर्षी तो वारला आणि मागे ३३ वह्या उरल्या. राज्यकर्ते नुसत्या दंडुक्यावर तगत नाहीत, जनतेची संमती कमावतात, हा त्यातला विचार जगभर गेला. त्याच वह्यांतली अमेरिकी कामगारांवरची टिपणं मात्र तितकी वाचली गेली नाहीत. हेन्री फोर्डने १९१४मध्ये दिवसाला पाच डॉलर देऊ केले. पण त्यासाठी कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. तो दारू पितो का, पैसे साठवतो का, घर स्वच्छ ठेवतो का, याची चौकशी होई. दारूबंदी, लैंगिक शिस्त आणि कारखान्यातला सरकता पट्टा या एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे ग्राम्शीने नेमकं हेरलं. संमती आधी स्नायूंना शिकवली जाते, हे त्याला स्वतःच्या खंगत चाललेल्या देहात बसून दिसत होतं.

मग या विचाराला दोन वाटा फुटल्या. १९७५ साली फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुकोने तुरुंगावरच्या ग्रंथात कवायत, वेळापत्रक आणि पाळत यांतून आज्ञाधारक शरीरं कशी घडतात ते दाखवलं. पण संमतीचा, पक्षाचा, चळवळीचा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. उलट १९८५मध्ये राजकीय विचारवंत एर्नेस्तो लाक्लाऊ आणि शांताल मूफ यांनी ग्राम्शीचा संमतीतून येणाऱ्या वर्चस्वाचा सिद्धांत वर्गाच्या चौकटीतून मोकळा केला. वेगवेगळ्या मागण्या एकमेकींत गुंफून एक ‘आपण’ कसा उभा राहतो, याची त्यांची मांडणी आजही कामाची आहे. चिन्हव्यवस्थेत शरीर आणि वस्तूही येतात, असं ते म्हणत. तरी त्यांच्या पानांवर दमणारं, उपाशी राहणारं, मार खाणारं शरीर क्वचितच भेटतं. ही उणीव मोठी होती.

ती भरून काढण्यात तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचा वाटा मोठा. १९९३च्या पुस्तकात कोणती शरीरं मोजली जातात आणि कोणती नाहीत, हा सवाल त्यांनी लावून धरला. २००० साली लाक्लाऊ आणि स्लावोय झिझेक यांच्याशी त्यांचा ग्रंथरूप वाद झाला. २०११ साली कैरो, माद्रिद आणि न्यूयॉर्कचे चौक आंदोलकांनी भरले. न्यूयॉर्कमध्ये ध्वनिवर्धकाला परवानगी नव्हती, म्हणून वक्त्याचं वाक्य पुढच्या रांगा मोठ्याने म्हणत आणि ते मागे पोचवत. चौकात जमणं, झोपणं, स्वयंपाक करणं हीच मागणीची भाषा असते, असं बटलर यांनी २०१५च्या पुस्तकात सविस्तर मांडलं.

आपल्याकडे हा धागा गोपाळ गुरू यांनी सुंदर सरुक्कई यांच्याबरोबर २०१२मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’मध्ये उचलला. अस्पृश्यतेचा विचार त्यांनी स्पर्शापासून सुरू केला. महाडला पाणी प्यायल्यानंतर तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आलं होतं. एका ओंजळीने बाटणारं वर्चस्व केवळ विचारांत राहत नसतं. युरोपातल्या चर्चेत जातीला अजून पुरेशी जागा नाही, ही खंत रास्त आहे.

लाक्लाऊच्या मायदेशात, अर्जेंटिनात, शरीराची आणि मागण्या गुंफण्याची अशा दोन्ही वाटा रस्त्यावर एकत्र आल्या. एप्रिल १९७७मध्ये लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्यांच्या आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा द मायोत जमल्या. घोळका करून थांबायला बंदी होती, पोलिसांनी चालत राहायला सांगितलं. त्या चालत राहिल्या, चौकातल्या स्तंभाभोवती, दर गुरुवारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी पुढे तोच रुमाल हिरवा केला. विद्यार्थिनी, डॉक्टर, कामगार संघटना असे निरनिराळे गट त्या रंगाखाली आले आणि ३० डिसेंबर २०२० रोजी सिनेटने कायदा मंजूर केला. तीन वर्षांनी, डिसेंबर २०२३मध्ये, नव्या सरकारने निदर्शनांसाठी नियमावली आणली: रस्ता अडवायचा नाही, पदपथावर उभं राहायचं. त्याच महिन्यात लोक पुन्हा प्लाझा द मायोकडे निघाले, तेव्हा रस्त्यावर उतरू पाहणाऱ्यांना पदपथाकडे रेटायला पोलीस उभे होते.