दादाजानची बंदूक आणि घराची राखण

गेल्या पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीला एका नातलगाच्या घरी आम्ही दोन दिवस मुक्कामाला होतो. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या धाकट्या मुलाने कपाटामागून गोधडीत गुंडाळलेली बंदूक काढली. ती दादाजानची बारा बोअरची जुनी पंप गन होती. चार महिन्यांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला, तेव्हापासून ती तिथेच होती.

घर वस्तीपासून जरा लांब. जवळच्या पाड्यावर नुकतीच चोरी झालेली. मुलाने मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले. परदेशात लोक अशा गनची नळी आखूड करतात, दस्ता बदलतात, पुढे बॅटरी बसवतात. तो म्हणाला, "मामू, हिला नवी करून घेऊ. घराला राखण होईल." कोपऱ्यातून दादीमाँ म्हणाल्या, "आधी ती पोरांच्या हाताला लागणार नाही असं काहीतरी करा."

आम्हाला दादीमाँचं म्हणणं पटलं. अशी जुनी बंदूक आणखी कुणाच्या घरी असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट कागदाची. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. परवानाधारक वारला की ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्क वारसांना आपोआप मिळत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान 2 वर्षे आणि कमाल 5 वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

वारसाला मार्ग आहे. 2016 च्या शस्त्र नियमांतील नियम 25 नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस स्वतःच्या नावावर परवाना मागू शकतो. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षे असली, तर तो हयातीतच वारस सुचवू शकतो. घरात वयस्क परवानाधारक असतील तर हे काम आजच काढा. अर्जदाराचं वय 21 पूर्ण हवं.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. नळी आखूड करण्याचा विचारही करू नका. परवान्याशिवाय नळी कापणं हा कलम 6 खाली गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा किमान 7 वर्षे आहे. व्हिडिओतला देश वेगळा, तिथला कायदा वेगळा. बंदुकीची दुरुस्तीही परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते, गावच्या लोहाराने नव्हे.

परवाना नावावर झाल्यावर जुन्या बंदुकीला खरी गरज असते ती तपासणीची. आपल्याकडच्या दमट हवेत नळीला आतून गंज चढतो आणि खड्डे पडतात. अशी नळी बार काढताना फुटू शकते. काडतुसं ढकलणारी स्प्रिंग बसलेली असते, चाप सैल झालेला असतो, सेफ्टी नीट लागत नाही. काही जुन्या बंदुका 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनलेल्या असतात. त्यांत आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस वापरणं धोक्याचं आहे. कारागिराला हे मुद्दाम विचारा. ओल लागून फुगलेली काडतुसं वापरू नका.

तिसरी गोष्ट घराची. वांगणीच्या त्या घरात मधल्या भिंती कुडाच्या आहेत, कारवीच्या काठ्या आणि वर मातीचा लेप. बारा बोअरचे मोठे छर्रे अशा भिंतीतून आरपार जातात, आणि भिंतीपलीकडे मुलं झोपलेली असतात. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. पळणाऱ्या चोरावर पाठीमागून गोळी झाडली तर जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

म्हणून खर्च करायचाच तर आधी दारावर करा. मागच्या दाराला आतून आडणा, खिडकीला गज, अंगणात दिवा, उशाशी चार्ज केलेली बॅटरी, आणि सगळ्यांना पाठ असलेला 112 हा क्रमांक. बंदूक परवान्यानिशी घरात आलीच तर रिकामी करून कुलुपात ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलुपात आणि किल्ल्या मोठ्यांकडे. उपसलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, अशी ताकीद प्रेषित (स.) यांनी दिली होती. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात देण्याआधी ती उघडून रिकामी असल्याची खात्री करणं, हा तोच अदब आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या मुलाने पोलीस ठाण्यात फोन केला. बंदूक खांद्यावर टाकून परस्पर निघायचं नाही, हे आम्ही त्याला बजावलं होतं. ठाण्याने सांगितल्याप्रमाणे ती जमा झाली आणि पावती दादाजानच्या परवान्याला टाचून ठेवली. वारसाचा अर्ज अजून चालू आहे. तोवर मागच्या दाराला सागाचा आडणा बसला आहे, आणि रात्री तो लागला की नाही हे दादीमाँ स्वतः उठून बघतात.