फुकटच्या गोळीत दम नसतो?

हैदराबादला, काचीगुड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीकडे शुगरच्या गोळ्यांचे दोन डबे आहेत. एकात मेडिकलमधून विकत आणलेल्या, दुसऱ्यात सरकारी बस्ती दवाखान्यातून मिळालेल्या. विकतच्या रोज घ्यायच्या, फुकटच्या "असू देत, लागल्या तर". का म्हणून विचारलं तर म्हणते, "अरे, फुकटच्या गोळीत काय दम असणार?"

दोन्ही पाकिटं उलटी करून पाहिली. बारीक अक्षरं वाचायला तिचाच चष्मा घ्यावा लागला. दोन्हींवर एकच मजकूर: मेटफॉर्मिन, ५०० मिलिग्रॅम. हे औषध १९५७ पासून वापरात आहे आणि त्यावर आता कुणाचंच पेटंट नाही. मेडिकलमध्येही साधी गोळी दोन-अडीच रुपयांत मिळते. ती जुनी आहे म्हणून स्वस्त, हलकी आहे म्हणून नव्हे. पेटंट सुटलं की भाव कसा कोसळतो, ते मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. साठेक रुपयांना पडणारी एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरचीच गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली.

"सरकारी म्हणजे अख्खा दिवस मोडला" हा दुसरा समज. उस्मानिया किंवा गांधी हॉस्पिटलची गर्दी पाहिली की पटतोही. पण महिन्याच्या गोळ्यांसाठी तिथवर जायचंच कशाला? बस्ती दवाखाने २०१८ पासून वस्तीतच सुरू झाले आहेत. तिथे तपासणीसाठी रक्त देता येतं. नमुना नारायणगुड्याच्या तेलंगणा डायग्नोस्टिक्सच्या प्रयोगशाळेत जातो, तपासणीचे पैसे पडत नाहीत. एखादी गोळी तिथे नसलीच, तर जनऔषधी केंद्र आहे.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र "आरोग्यश्री आहे ना!" हा. २००७ साली सुरू झालेल्या या सरकारी आरोग्य योजनेची मर्यादा तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाख रुपये झाली. पण ती आहे मुख्यतः दाखल होण्यासाठी, शस्त्रक्रियेसाठी, डायलिसिससाठी. रोजच्या गोळीचा हिशेब तिच्यात नाही. म्हणजे पाय चिघळला, किडनी बसली की कार्ड कामाला येणार. पाय गेल्यावर दहा लाखांचं करायचं काय? सरकारचा मोठा पैसाही या टोकालाच जातो. त्यातला बराचसा दोन रुपयांच्या गोळीने वाचला असता.

इन्सुलिन परवडत नाही, असंही ऐकू येतं. महाग असतं ते पेन. साधी बाटली सरकारी रुग्णालयात मिळते. फक्त ती ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० चीच हवी, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज लावून तेवढ्याच रेघेपर्यंत भरलंत, तर औषध निम्म्याहून कमी जातं आणि बोल लागतो सरकारी इन्सुलिनला.

तुमच्याही घरात असे दोन डबे असतील तर पुढच्या खेपेला दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा. नाव एकच निघालं तर एकच डबा चालू ठेवा. दोन्हींतली एकेक गोळी मात्र कधीच घेऊ नका.