वॉर्मर बंद पडला तर?

पावसाळी वादळात वीज गेली की धारणीपासून मेळघाटातल्या पाड्यापर्यंत सगळेच अडते. सर्वांत आधी अडते ते कमी दिवसांचे बाळ. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, ते झपाट्याने गार पडते. वॉर्मर विजेवर, जनरेटर डिझेलवर, तेही संपते. १९७८ मध्ये बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडले, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत सुरू केली. टोपी, लंगोट, वरून लुगडे, नाक मोकळे. आई थकली तर बाप किंवा आजी. पण घरच्यांना हे बाळंतपणाआधीच, उजेडात शिकवायला हवे. बाळाचे तळपाय गार लागले, म्हणजे ऊब कमी पडते आहे.