आखातात कामाला जाताय? मजुरीबरोबर अरबीही कमवा

ढाणकीच्या बाजारपेठेत घरी उर्दू बोलणारा मुलगा वडिलांच्या दुकानात बसू लागला की थोड्याच दिवसांत त्याची मराठी पक्की होते. त्याला कोणी व्याकरण शिकवत नाही. भाव सांगताना, माप देताना, उधारी मागताना भाषा आपोआप अंगवळणी पडते. परमुलखात अरबी शिकण्याचा रस्ताही हाच आहे. तरीही आखातात दहा-दहा वर्षे काढून अनेक कारागीर मोजक्या शब्दांवरच परत येतात. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

१९७३ च्या तेल दरवाढीनंतर आखाती देशांत बांधकामे वाढली आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून मजूर गेले. राहणे आपल्याच लोकांत, मुकादम आपला, किराणा दुकानदारही आपलाच. त्यामुळे हिंदी-उर्दूवर दिवस निघतो. अरबांशी गाठ पडलीच तर मोडकीतोडकी कामचलाऊ बोली वापरली जाते. ‘मला माहीत नाही’ हे ‘अना माफी मालूम’ असे सांगितले जाते. खरा अरब ‘मा अद्री’ म्हणतो. या बोलीवर काम भागते, पण तिच्यावर ना दुकान चालते, ना ठेका मिळतो. केवळ तेथे राहिल्याने भाषा येत नाही, व्यवहारात उतरल्याने येते.

आपल्याजवळ भांडवल मात्र भरपूर आहे. दुकान, हिशोब, नफा, तारीख, साबण, दलाल, हमाल हे बाजारातले शब्द मुळात अरबीच. आपल्या जिल्ह्याचे पीक कापूस. त्याला अरबीत ‘कुत्न’ म्हणतात. त्यावरूनच इंग्रजीत ‘कॉटन’ आणि स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोन’ झाले. अरब व्यापाऱ्यांची भाषा इतक्या दूर पोहोचली. आकडे मोजण्याची रीतही ओळखीची आहे. आपण पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस म्हणतो, तसेच अरब ‘खम्सा व इश्रीन’ म्हणतो. लिहिताना मात्र सांभाळावे. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. पावती वाचताना येथेच घोटाळा होतो.

ओळखीचे शब्द फसवतातही. ‘रकम’ म्हणजे तेथे पैसे नव्हेत, तर क्रमांक. ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र. ‘इजाजा’ म्हणजे सुट्टी, आणि आपल्या ‘रजा’ शब्दाचे मूळ ‘रिझा’ म्हणजे संमती. कफीलाकडे सुट्टी मागताना हा फरक ध्यानात असावा.

कुरआन शरीफ वाचता येत असेल तर लिपीची अडचण अर्धी मिटली. पण पाट्या, पावत्या आणि करारनामे जेर-जबरशिवाय छापलेले असतात आणि बोलीही किताबी अरबीपेक्षा वेगळी असते. आखातात ‘काफ’चा उच्चार पुष्कळदा ‘ग’ होतो, म्हणून कहवा ‘गहवा’ होतो. मिसरी माणूस ‘जीम’ला ‘ग’ म्हणतो. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पेप्सी’ची ‘बेबसी’ होते. कान तयार झाला की हे सारे सोपे वाटते.

भाषेची खरी किंमत सही करताना कळते. सौदी अरबच्या २००५ च्या कामगार कायद्यानुसार करार अरबीत असावा लागतो. सोबत इंग्रजी मजकूर असला तरी वाद झाल्यास अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. म्हणून निदान पाच शब्द वाचता आलेच पाहिजेत: मिहना (कामाचा प्रकार), रातिब (पगार), मुद्दा (मुदत), साआत (तास) आणि इजाजा (सुट्टी). वेल्डर म्हणून नेलेल्या माणसाच्या कागदावर ‘आमिल’, म्हणजे साधा मजूर, लिहिलेले असेल तर ते सहीच्या आधी दिसले पाहिजे, नंतर नव्हे.

आता पद्धत. निघण्यापूर्वी गावातील जाणकार मौलवी साहेबांकडून जेर-जबरशिवाय वाचण्याचा सराव करावा. तेथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात फक्त आकडे, भाव आणि वेळ शिकावी. ‘बिकम?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ हा प्रश्न रोज निराळ्या दुकानात विचारावा. दुसऱ्या महिन्यापासून आपल्या धंद्याचे शब्द घ्यावेत. सुतार म्हणजे नज्जार, शिंपी म्हणजे खय्यात, लोहार म्हणजे हद्दाद. हत्यारांची नावे सोबतच्या अरब कारागिराकडून विचारून खिशातल्या वहीत टिपावीत. सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य टिपावे आणि दुसऱ्या दिवशी ते वापरावे. आठवड्यातून एकदा तरी आपल्या मंडळींऐवजी स्थानिक माणसाच्या दुकानी चहा घ्यावा. लोक हसले तरी बोलणे सोडू नये, कारण चूक दुरुस्त करणाराच खरा उस्ताद असतो.

नोकरीची मुदत संपते आणि साठवलेला पैसाही खर्च होतो. कमावलेली भाषा मात्र सरत नाही. गावी परतल्यावर तिच्या जोरावर निर्यातीचा पत्रव्यवहार करता येतो, नव्याने जाणाऱ्यांचे करार वाचून देता येतात. होतकरू बांधवांनी विमानात बसण्यापूर्वीच वही विकत घ्यावी. इन्शाअल्लाह, तिची किंमत पहिल्याच करारात वसूल होईल.