मातीचं विरजण

मैत्रिणींनो, रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून आपण निश्चिंत झोपतो आणि सकाळी दही तयार! हे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. असेच उपयोगी जिवाणू शेतातल्या मातीतही असतात.

आपल्या छत्रपती संभाजीनगर भागात पेरणी होते आणि पाऊस दडी मारतो. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी. 2012 आणि 2015 चा दुष्काळ कोण विसरेल?

पाणी कमी पडलं की रोपात इथिलीन नावाचा वायू वाढतो आणि मुळं खुंटतात. हा वायू ज्या पदार्थापासून बनतो, तोच मुळांजवळचे काही जिवाणू खाऊन टाकतात. काही जण चिकट द्रव सोडतात, त्यामुळे मुळांभोवतीची ओल जरा जास्त टिकते. अर्थात, जिवाणू म्हणजे काही पाऊस नव्हे! पण रोपाला तग धरायला मदत होते.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी जिवाणू खतं तयार होतात. तूर, हरभरा, सोयाबीनला रायझोबियम. ज्वारी, बाजरी, कपाशीला अॅझोटोबॅक्टर. मात्र सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, हे लक्षात ठेवा.

साधारण 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, त्यात पावडर कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. पाकिटावरची तारीख बघा आणि ते उन्हात ठेवू नका. उकळत्या दुधात आपण विरजण घालतो का?

फुलं लागताना तुरीचं एखादं रोप अलगद उपटून मुळांवरची गाठ कापून बघा. आतून गुलाबी दिसली, तर जिवाणू कामाला लागलेत!

मला खरी खंत वेगळीच वाटते. बियाणं चोळायला, निंदायला, खुरपायला आपण. पण दुकानातून काय आणायचं, ते ठरवणार घरातली पुरुष मंडळी. यंदा पेरणीआधी तुम्हीच नाव घेऊन सांगा, ‘अहो, रायझोबियमचं पाकीट आणा, तारीख बघून!’ विरजणाची पारख आपल्याइतकी कुणाला असणार?