कस्तुरीचा चुना आणि बेंथमचा हिशेब

कारंजा लाडच्या कस्तुरी हवेलीची आख्यायिका ऐकलीच असेल. उंटांवर कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा इथल्या एका धनिकाने सगळा माल घेतला आणि चक्क बांधकामाच्या चुन्यात कालवला म्हणे! खरं-खोटं देव जाणे, पण उपयुक्ततावाद समजायला गोष्ट झकास आहे.

जेरेमी बेंथमने 1789 मध्ये मांडलं, की कृत्य बरं की वाईट हे त्यातून निपजणाऱ्या सुखदुःखावर ठरवा. सुख किती तीव्र, किती टिकाऊ, किती जणांना, अशा सात कसोट्याही दिल्या. लावा तर मग हिशेब! व्यापाऱ्याचा माल खपला, शेठजींची मान ताठ झाली, गल्लीला फुकटचा दरवळ. जमेची बाजू भक्कम.

पण बेंथम प्राण्यांच्या वेदनाही धरतो. एका नर कस्तुरीमृगाकडून जेमतेम 25 ग्रॅम कस्तुरी मिळते, तीही बहुधा त्याला मारून. एका उंटावर 150 किलो धरले, तर 6,000 हरणं!

बेंथमचा वारसा पुढे तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने चालवला. आपल्या वऱ्हाडात, अकोल्यात शिकलेल्या आगरकरांनी मिल वाचला आणि 1888 साली ‘सुधारक’ हे पत्र काढून रूढींचा असाच झाडा घेतला: विधवांच्या केशवपनाने सुख नेमकं कोणाला?